काळी चांदी

आम्हांला दगडांचा नाद आहे. संग्रहात बहुतेक दख्खनचे झिओलाइट. विहिरी खणताना, खाणीत सुरुंग लावताना निघालेले. पांढरे, गुलाबी, काचेसारखे. त्यांच्या शेजारी ठेवायला एका विक्रेत्याने काळा नमुना दाखवला : ॲकँथाइट, इमितेर, मोरोक्को.

दिसायला शिशाचा तुकडा, सुरीने कापता येईल इतका मऊ. पण वजनाच्या 87 टक्के चांदी, बाकी गंधक. आमच्या अम्मीचे तोडे पेटीत पडून काळे होत, तो काळा थर म्हणजे हाच पदार्थ. लग्नसराई आली की ती राखुंडी घेऊन बसायची. ती जे घासून टाकायची, ते संग्राहक काचेखाली जपतात!

नाव काट्यावरून पडले, ग्रीक भाषेतले. आमच्यापुढच्या नमुन्यावर मात्र काटे नव्हते, चौकोनी स्फटिक होते. जमिनीच्या पोटात 177 अंश सेल्सिअसच्या वर हे खनिज घनाकृती जमते. निवताना आतली अणूंची मांडणी बदलते, बाहेरचा घाट तोच राहतो. त्या उष्ण रूपाचे नाव अर्जेंटाइट. म्हणून कपाटातल्या थंड दगडावर 'अर्जेंटाइट' अशी चिठ्ठी असली तर ती चुकीचीच. पण त्यावरून कोणी भांडत नाही.

चिठ्ठीवर गावाचे नाव होते, म्हणून आम्ही चौकशी केली. तिथले अमाझिग शेतकरी बदामाच्या बागा राखतात. पाणी खेत्तारांतून, म्हणजे जमिनीखालच्या कालव्यांतून येते. मलिक अंबरने खडकीत, पुढच्या औरंगाबादेत, आणलेली नहर ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. चांदी वेगळी काढायलाही पाणी लागते, आणि तेही त्याच जमिनीतले. खाणीने पाणी ओढले आणि बागा वाळल्या, असे गावकऱ्यांचे म्हणणे. ऑगस्ट 2011 मध्ये ते अलेब्बान डोंगरावर चढले, खाणीकडे जाणाऱ्या नळाची चावी बंद केली आणि तिथेच मुक्काम ठोकला. बायका, म्हातारे, पोरे, सगळी. काहीजण तुरुंगात गेले. नादिर बूहमूश यांनी गावकऱ्यांना सोबत घेऊन केलेला 'अमुस्सू' हा माहितीपट 2019 मध्ये आला, तेव्हाही ते डोंगरावरच होते.

चिठ्ठीवर खनिजाचे नाव, गाव आणि सेंटिमीटरमध्ये लांबी-रुंदी. विक्रेत्याने दोनदा विचारले. आम्ही अजून उत्तर दिलेले नाही.