ते वाक्य माझं होतं

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं, पण हात धजत नव्हता. आमच्या नात्यातली बरीच मंडळी इथे वाचतात. त्यातली एक मावशी दर लग्नात, पंगतीत बसल्या बसल्या, मला ऐकवते की हा लोकांचे संसार मोडायचे पैसे घेतो. मावशी, आजचं लिखाण तुझ्यासाठी आहे असं समज.

नांदेडला वकिली करून मला आता वीसेक वर्षं झाली. गाव लातूरकडचं, त्यामुळे तारखा दोन्हीकडे असतात. लोहा-अहमदपूर-चाकूर हा रस्ता झोपेतही ओळखीचा झालाय. कामं बहुतेक एकाच जातीची: पोटगी, फारकत, नांदायला येण्याचा दावा, लेकराचा ताबा. १ जुलै २०२४ पासून पोटगीचं कलम १२५ जाऊन नव्या संहितेत ते १४४ झालं, पण आमच्याकडे अजून बायामाणसं 'एकशेपंचवीसची केस' असंच म्हणतात. मीही म्हणतो.

सांगायची गोष्ट मी नवा नवा असतानाची. (ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत.) जीप भरून माणसं आली होती. मुलगी, तिचे वडील, मामा आणि गावातले दोघं. बोलत होते ते मामा. मुलगी कोपऱ्यातल्या खुर्चीत पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मी लग्नाची तारीख विचारली, हुंडा किती, अंगावर सोनं किती घातलं, मूल आहे का, घरात कोण कोण. तिला थेट दोनच प्रश्न विचारले असतील. बाकीची उत्तरं मामांनी दिली.

आता वकील मित्रांनी राग मानू नये, पण प्रत्येकाच्या कॉम्प्युटरमध्ये एक ठरावीक नमुना असतो. नावं बदलायची, तारखा बदलायच्या, नोटीस तयार. माझ्या नमुन्यात एक वाक्य होतं: 'सासूने अशिलास वेळोवेळी उपाशीपोटी ठेवून घराबाहेर काढले.' वाक्य वजनदार होतं. मी ते तसंच राहू दिलं. मामा तर खूश झाले, म्हणाले, "साहेब, लई जोरात लिहिलाव!"

समोरून उत्तर आलं तेही नमुन्यातलंच. तिच्या वागण्यावर नको नको ते लिहिलेलं. म्हणजे दोन नमुने एकमेकांशी भांडत होते आणि खरी दोन माणसं बाजूला उभी होती. हे तेव्हा कळलं नाही, उलट आपली केस भक्कम झाली असं वाटलं.

पुढे वर्षभराने समुपदेशकांनी दोघांना एकत्र बसवलं. आम्ही वकील बाहेर. तासाभराने मला आत बोलावलं. नवरा शांतपणे म्हणाला, "साहेब, मी पुण्याला राहून दोन वर्षं घरी पैसे पाठविलो न्हाई, खरं हाय. तिच्या बहिणीच्या लग्नाला तिला सोडलो न्हाई, ते बी खरं. पण माझ्या मायनं हिला उपाशी ठेवलं, हे कुणी सांगितलं? बाळंतपणात हिला मायच पेज करून चारायची."

ती मान वर करून पहिल्यांदाच स्पष्ट बोलली. "म्या न्हाई म्हणलं तसं."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या म्हातारीला वाचता येत नव्हतं. नोटीस शेजारच्या शाळकरी पोराने मोठ्याने वाचून दाखवली होती, दारात चार माणसं असताना. तेव्हापासून तिने दारी आलेल्याला 'जेवून जा' म्हणायचं सोडलं, असं तो म्हणाला. यावर मी काय बोललो असेन? 'कायदेशीर भाषा असते ती' असं काहीतरी पुटपुटलो. माफी मागितली नाही. ती मागायला हवी होती हे समजायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

त्यांचा संसार माझ्या एका वाक्याने मोडला असं मी म्हणत नाही, तेवढी ताकद माझ्यात नाही. पण जुळण्याची जी काही शक्यता होती तिच्यावर मी दगड ठेवला. शेवटी संमतीने फारकत झाली. तेव्हा सहा महिने थांबावंच लागायचं. (ही मुदत माफ करता येते असं सुप्रीम कोर्टाने २०१७ साली सांगितलं.) शेवटच्या तारखेला निघताना ती त्याला म्हणाली, "आत्याबाई कशा हायत?" तो म्हणाला, "बऱ्या हायत." दोघं दोन वेगवेगळ्या बसला लागले.

भावनिक बुद्धिमत्ता हा शब्द मला फार उशिरा भेटला. डॅनिएल गोलमन यांचं त्यावरचं पुस्तक १९९५ चं. लॉ कॉलेजात आम्हाला साक्षीपुरावा शिकवला, पण रडणाऱ्या माणसासमोर किती वेळ गप्प बसायचं हे कुणी शिकवलं नाही. कायदा करणाऱ्यांना मात्र आमची नीट ओळख असावी. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात कलम १३ आहे, त्यानुसार तिथे वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नाही, परवानगीचा विषय आहे. आणि कलम ९ न्यायाधीशांनाच आधी तडजोडीचा प्रयत्न करायला सांगतं. पूर्वी मला हे अपमानास्पद वाटायचं. आता नाही वाटत.

आता मी पहिल्या भेटीत पेन खाली ठेवतो. मामा-काकांना खालच्या टपरीवर चहाला पाठवतो (चहाचे पैसे माझे). मग विचारतो, "ताई, पुढच्या दिवाळीला तुम्ही कुठं असाव्या असं वाटतं?" कुणी म्हणतं माहेरी, कुणी स्वतःच्या खोलीत, कुणी चक्क त्याच घरी, पण सासरा वेगळा करून द्या. कलमं नंतर सापडतात.

एक मात्र सांगतो. समजूतदारपणाच्या नावाखाली मार खाणाऱ्या बाईला परत पाठवणारे वकील आणि गावपंच मी भरपूर पाहिलेत. ती भावना समजून घेणं नव्हे, अंगचोरपणा आहे. अंगावर वळ असतील तर मी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा अर्ज आधी लिहितो, दिवाळीचा प्रश्न मग.

घरी अजून जमत नाही. परवा बायकोशी वाद झाला तेव्हा मी म्हणालो, "हो की नाही, एवढंच सांग." ती म्हणाली, "मी पिंजऱ्यात उभी नाही." असो.

गेल्या आठवड्यात माझ्या ज्युनियरने नोटिशीचा मसुदा आणला. चार पानं. दुसऱ्या परिच्छेदात सासू, अर्धपोटी, घराबाहेर. मी विचारलं, "हे ती म्हणाली का?" तो म्हणाला, "सर, असतंच ना ते." मी त्याला तिला फोन लावायला सांगितला. बाहेर जाऊन तो दहा मिनिटं बोलत होता. आत येऊन खाली बघत दोन परिच्छेद खोडले, एक नवा लिहिला. नोटीस दीड पानावर आली.

मुलीच्या मामांना ती फार मिळमिळीत वाटली. ते दुसरा वकील बघतायत म्हणे.