गोदाकाठची सायकलफेरी : साठीनंतरच्या पायांना विजेची साथ

नांदगाव हा नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागातील अवर्षणप्रवण तालुका. गावातून शाकंबरी आणि लेंडी या नद्या वाहतात खऱ्या. परंतु वर्षातील बराच काळ त्यांच्या पात्रात पाण्यापेक्षा दगडगोटेच अधिक दिसतात. त्यामुळे वाहत्या पाण्याच्या काठाने निवांत फिरण्याचे आम्हा नांदगावकरांना मोठे अप्रूप. रेल्वेने पश्चिमेकडे शंभरएक किलोमीटर गेले की नाशिक येते आणि ते सुख हाताशी येते. या वर्षी पौष महिन्यात हा गोदाकाठ मी थोरल्या बंधूंसमवेत पाहिला, तोही विजेवर चालणाऱ्या सायकलीवरून. या फेरीचा वृत्तांत लिहिण्यामागे केवळ प्रवासवर्णनाचा हेतू नाही. घरातील वडीलधाऱ्यांना बाहेर पाठवावे की जपून घरात ठेवावे, हा प्रश्न ज्या ज्या घरात आहे, त्यांना हा अनुभव उपयोगी पडावा अशी इच्छा आहे.

आमचे अण्णा अडुसष्ट वर्षांचे. रेल्वेच्या नोकरीत त्यांनी तीस वर्षे सायकलवरूनच स्थानक गाठले. दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला. त्याआधीपासून उजवा गुडघा दुखत होताच. सायकल बंद झाली, पाठोपाठ बाजारात जाणे कमी झाले आणि मग बोलणेही. औषधे वेळेवर, रक्तदाब आटोक्यात, तपासण्यांचे अहवाल समाधानकारक. आणि तरीही माणूस दिवसेंदिवस आक्रसत चाललेला. असे रुग्ण माझ्या दवाखान्यात रोज येतात. घरच्यांची काळजी खोटी नसते, पण ज्याची काळजी घ्यायची त्याचे जगणे त्या काळजीत किती उरते, हेही पाहावे लागते.

नाशिकला गंगापूर रोडवर राहणाऱ्या भाच्याकडे अशा दोन सायकली आहेत. अण्णांनी त्या पाहिल्या आणि विचारले, "मला जमेल का रे?" वहिनींनी माझ्याकडे पाहिले. हृदयरोगतज्ज्ञांना विचारू, असे मी सांगितले. त्यांनी ताण चाचणी करून माफक श्रमांना परवानगी दिली, तेव्हाच बेत ठरला.

ही सायकल म्हणजे काय?

विजेवरच्या सायकलींचे ढोबळमानाने दोन प्रकार. एकात मूठ पिळली की सायकल आपोआप पळते. तिच्यात पायांना काहीच काम नाही. दुसऱ्या प्रकारात पायडल मारल्याशिवाय मोटर साथ देत नाही. आपण जोर लावायचा आणि चढावर, समोरून वारा असताना मोटरने त्यात भर घालायची. आरोग्याच्या दृष्टीने दुसरा प्रकार हितकर. आपल्याकडील नियमांनुसार मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर अशा सायकलीला नोंदणी वा परवाना लागत नाही.

सायकलीवर शरीराचा बराचसा भार बैठकीवर येतो. म्हणून चालताना दुखणारा गुडघा अनेकदा सायकलीवर तक्रार करीत नाही. मात्र बैठकीची उंची अचूक हवी. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला असावा. बैठक फार खाली ठेवली की वाटीवरचा ताण वाढतो. अण्णांची बैठक आम्ही दोनदा बदलली. दांडा खाली असलेली, ज्येष्ठांनी पाय उंच न उचलता बसावे अशी सायकल निवडली आणि निघण्याआधी भाच्याच्या सोसायटीच्या आवारात अर्धा तास सराव केला. ही सायकल साध्या सायकलीहून बरीच जड असते आणि मोटरची साथ सुरू होताना हलका हिसका बसतो. तो हिसका रस्त्यावर प्रथमच अनुभवू नये.

सोमेश्वर ते होळकर पूल

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. पौषातली पहाट तेथे बोचरी असते. हृदयरुग्णाने अशा थंडीत एकदम श्रम करू नयेत, म्हणून उन्हे अंगावर आल्यावर साडेआठला आम्ही सोमेश्वरहून निघालो. गंगापूर धरणातून पाणी सुटले की येथील धबधबा फेसाळतो. पौषात तो मवाळ असतो आणि काळ्या खडकांची रचना नीट पाहता येते. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली आणि १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळणारी ही नदी येथे अजून बाल्यावस्थेतच आहे.

पुढे आनंदवल्ली. राघोबादादा आणि आनंदीबाई यांच्या वास्तव्याची आठवण गावाच्या नावातच आहे. काठावरच्या नवश्या गणपतीपाशी आम्ही पहिला थांबा घेतला. तोवर अण्णा मोटरची सर्वांत कमी साथ घेऊन चालवीत होते आणि न थांबता बोलत होते. मला नाडी मोजावी लागली नाही. श्रम किती व्हावेत याची सोपी कसोटी हीच: बोलता यावे, पण गाता येऊ नये. हृदयाची गती मंदावणारी गोळी चालू असलेल्यांसाठी तर नाडीच्या आकड्यापेक्षा ही कसोटीच अधिक विश्वासार्ह आहे.

त्यानंतर गोदापार्कचा पट्टा. झाडी, बाके, पायवाट आणि एका हाताला नदी. जिथे वाट चालणाऱ्यांसाठी आहे तिथे आम्ही उतरून सायकली हाताने नेल्या. काठी टेकत चालणाऱ्या आपल्याच वयाच्या माणसाला मागून निःशब्द येणारी सायकल दचकवते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. या पट्ट्याने पुराचे घावही सोसले आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या महापुरात येथील बांधकामाची मोठी हानी झाली. नदीकाठ सजवताना नदीची जागा नदीला सोडावी लागते, हा धडा त्या पुराने दिला. जुन्या नाशिककरांना तो ठाऊक होताच. दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले, यावरून ते आजही पुराचे मोजमाप करतात.

पाण्याकडे पाहताना सगळेच रम्य दिसत नाही. काही ठिकाणी पाणवेलींचा हिरवा थर आहे, काही ठिकाणी सांडपाण्याचा वास येतो. पात्रातील काँक्रीट काढून जुनी कुंडे मोकळी करावीत, ही नदीप्रेमींची मागणी अनेक वर्षांची आहे. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने काठावर पुन्हा कामे होत आहेत. त्यांत सुशोभनाइतकेच शुद्ध पाण्याला महत्त्व मिळावे, असे एक डॉक्टर म्हणून मला प्रकर्षाने वाटते.

रामकुंड आणि पुढे

अहिल्याबाई होळकर पूल, म्हणजे जुना व्हिक्टोरिया पूल, ओलांडला की शहराचे रूप पालटते. रामकुंडापाशी नदी दक्षिणेकडे वळते. दशक्रियेसाठी आलेली कुटुंबे, भाजीची दुकाने, भांड्यांचा खणखणाट. येथे सायकल चालवणे इष्ट नाही. घाटाच्या फरशा ओल्या असतात, कडेला शेवाळ असते. अण्णांना पायऱ्यांच्या कडेने पुढे जायचे होते. "इथं शेकडो वेळा आलोय मी," ते म्हणाले. मी म्हटले, "अण्णा, घाट तोच आहे, तुमची गोळी नवी आहे." रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्याला पडण्याचा धोका दुहेरी असतो. ते हसले आणि उतरले. सायकली कुलूप लावून ठेवल्या आणि आम्ही पायीच नारोशंकराच्या मंदिरापर्यंत गेलो. १७४७ मध्ये बांधलेल्या या रामेश्वर मंदिराची भव्य घंटा वसईच्या विजयाची आठवण सांगते.

थोडे वर पंचवटीत काळाराम मंदिर. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. काठ आणि देऊळ सर्वांचे असावे, हा आग्रह या शहराच्या इतिहासात खोल रुजलेला आहे. आज उतार नसलेल्या पायऱ्या आणि दुर्मीळ स्वच्छतागृहे ज्येष्ठांना याच काठापासून दूर ठेवतात, तेव्हा तो आग्रह नव्या अर्थाने आठवतो.

शेवटचा टप्पा तपोवनातील कपिला संगमाचा. परतताना एका चढावर अण्णांचे वाक्य मध्येच तुटले. आम्ही थांबलो, पाणी प्यालो. छातीत दाब, घाम, भोवळ यांपैकी काही नाही याची खात्री केली, मोटरची साथ दोन पायऱ्यांनी वाढवली आणि मग निघालो. साध्या सायकलीवर तो चढ त्यांना झेपला नसता. विजेचे खरे मोल वेगात नाही. चढ आला म्हणून फेरी सोडावी लागत नाही, यात आहे.

देखभाल करणाऱ्यांसाठी

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनीही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम करावेत आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावेत. सायकल त्यातील एक मार्ग आहे. ती प्रत्येकासाठी नाही. नेदरलँड्समध्ये अशा सायकली ज्येष्ठांत अतिशय लोकप्रिय झाल्या आणि तेथील डॉक्टरांना त्यांच्या पडण्याची चिंताही सतावू लागली. म्हणून पुढील गोष्टी पाहाव्यात.

• वारंवार चक्कर, आटोक्यात नसलेली फिट, कंपवात, क्षीण दृष्टी किंवा अलीकडे झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असल्यास डॉक्टरांच्या संमतीविना सायकल नको. तोल जात असेल तर तीनचाकीचा विचार करावा.
• हृदयविकार असलेल्यांनी तपासणीनंतरच सुरुवात करावी. छातीत दुखल्यास तत्काळ थांबावे; 'घरी जाऊन पाहू' म्हणू नये.
• मधुमेहासाठी इन्सुलिन वा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. खिशात साखर ठेवावी.
• हेल्मेट अनिवार्य समजावे. रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असताना डोक्याला मार लागला, तर वरून काहीही दिसत नसले तरी रुग्णालयात दाखवावे.
• सायकलीवर चढताना-उतरताना मोटर बंद ठेवावी. सोबत एक जण असावा, पण त्याने शर्यत लावू नये.

नाशिक हे सायकलीवर प्रेम करणारे शहर आहे. येथील डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेचे दोन किनारे जोडणारी सुमारे ४८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या गटात पूर्ण केली. आमची फेरी त्यापुढे कोठेच नाही. परंतु त्या दुपारी जेवताना अण्णा तासभर बोलत होते आणि वहिनी, बऱ्याच दिवसांनी, नुसत्या ऐकत होत्या. नंतर त्यांनी मला बाजूला घेऊन एवढेच विचारले, "भाऊजी, हेल्मेट कुठं मिळतं?"

अण्णा आता नांदगावात सकाळी एका मोकळ्या मैदानावर आठवड्यातून चार दिवस फेऱ्या मारतात. महामार्गावर जायचे नाही, हे त्यांचे त्यांनीच ठरवले आहे. आमच्या शाकंबरीच्या काठी गोदापार्क होईल असे नाही, आणि तशी गरजही नाही. कचरा टाकणे थांबले, थोडी सावली, चार बाके, एक स्वच्छतागृह आणि खड्डे नसलेली अर्ध्या किलोमीटरची वाट मिळाली, तरी गावातील कितीतरी वृद्ध पाय पुन्हा उंबरठा ओलांडतील. कोरड्या नदीच्या काठीही सकाळचे ऊन तितकेच कोवळे असते.