चंद्रकळा, बंद गळ्याचा कोट आणि अटलांटिक

साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या ‘क्वीन मेरी २’ जहाजाचं आरक्षण पक्कं झालं आणि त्यासोबत कपड्यांचे नियमही आले. संध्याकाळी सहानंतर जहाजावर बहुतेक ठिकाणी नीटनेटका पोशाख हवा. सात रात्रींपैकी दोन रात्री समारंभाच्या. त्या रात्री पुरुषांनी काळा डिनर सूट किंवा गडद रंगाचा सूट घालायचा, बायकांनी गाऊन. आणि त्याच यादीत पुढे होतं, की आपापल्या देशाचा औपचारिक पोशाखही चालेल. ती ओळ मी यांना मोठ्याने वाचून दाखवली. आमची सगळी तयारी त्या एका ओळीवर उभी राहिली.

मुलगी न्यू जर्सीत एडिसनला राहते. तिच्याकडे विमानाने जाणं आम्हाला नवं नव्हतं. पण यांची सगळी नोकरी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात गेली. बॅलार्ड पिअरला लागलेली मोठमोठी प्रवासी जहाजं हे रोज बघायचे, आणि त्यातल्या एकावरही कधी पाऊल ठेवलं नव्हतं. म्हणून निवृत्तीनंतर ठरवलं, लंडनपर्यंत विमानाने जायचं आणि पुढचा अटलांटिक समुद्रमार्गे ओलांडायचा. क्वीन मेरी २ हे फ्रान्समधल्या सेंट नझैर इथे बांधलेलं, 2004 साली सेवेत आलेलं, 345 मीटर लांबीचं जहाज. बेटाबेटांवर थांबत जाणारी सहलीची जहाजं वेगळी आणि हे वेगळं. उघड्या महासागरातल्या लाटा कापत वेळेवर पलीकडे पोचण्यासाठी याचा नाळेकडचा भाग लांब आणि निमुळता केला आहे, पोलाद जाड वापरलं आहे. हे सगळं यांनी मला जेवताना इतक्या आवडीने समजावलं, की तयारीला लागण्याआधीच मला ते जहाज ओळखीचं वाटू लागलं.

नातेवाइकांमध्ये मात्र चर्चा कपड्यांचीच. दीर म्हणाले, ‘‘दादा, टक्सीडो भाड्याने मिळतो, लंडनला उतरलास की घे.’’ धाकट्या जावेने मला मॉलमधल्या गाऊनचे फोटो पाठवले. माया होती त्यात. पण माझ्या डोळ्यांसमोर एक जुना फोटो होता. 10 ऑक्टोबर 1885 रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या समारंभात काढलेला. त्यात तीन विद्यार्थिनी शेजारी शेजारी आहेत. जपानच्या केई ओकामी किमोनोत, सीरियाच्या साबात इस्लामबुली त्यांच्या प्रांताच्या वेशात आणि आपल्या आनंदीबाई जोशी लुगड्यात, दागिने घालून. आनंदीबाई 1883 साली अठरा वर्षांच्या असताना कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. पंडिता रमाबाई 1886 साली लिव्हरपूलहून फिलाडेल्फियाला गेल्या, त्या आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी. तेव्हा कोणत्याही नियमावलीत परदेशी बायकांच्या साडीला जागा नव्हती. या दोघींनी ती जागा स्वतः केली. मग नियमातच जागा असताना मी गाऊन कशासाठी घ्यायचा?

यांच्यासाठी दादरच्या आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे काळ्या टेरीवूलचा बंद गळ्याचा कोट शिवायला टाकला. कापड निवडण्यात अर्धा दिवस गेला आणि तो वाया गेला नाही. शुद्ध लोकर बॅगेत चुरगळत नाही, पण मुंबईत घालून बघतानाच घाम फुटतो. नुसतं टेरीकॉट दिव्यांच्या उजेडात चमकतं आणि स्वस्त दिसतं. मिश्र कापड दोन्ही बाजूंनी बरं. शिंप्याने कॉलर अर्धा बोट सैल ठेवायला सांगितलं, कारण टाय नसला तरी बंद गळा तीन तास बसून जेवताना काचतो. आतून अस्तर, बाहेर साधी काळी बटणं. बाकी संध्याकाळी चालण्यासाठी एक नेव्ही ब्लू ब्लेझर, करड्या पँट आणि चार सदरे एवढं पुरलं.

साड्यांचा विचार मी जास्त केला. समारंभाच्या रात्रींना विषय असतात. आमच्या प्रवासात एक रात्र काळ्या-पांढऱ्या रंगांची आणि एक मुखवट्यांची होती. विषय पाळायची सक्ती नसते. पण काळा रंग म्हटल्यावर मराठी घरात दुसरं काही सुचावं का? आईची चंद्रकळा कपाटात होती. संक्रांतीखेरीज तिला बाहेर येण्याचं निमित्त मिळत नसे. मुखवट्यांच्या रात्रीसाठी जांभळी पैठणी काढली. शिवाय विरलेल्या एका पैठणीचा काठ होता. तो पुठ्ठ्यावर शिवून शेजारच्या शिवणकामवाल्या ताईंनी मला डोळ्यांपुरता मुखवटा करून दिला.

रेशमी साडी बॅगेत भरायची तर जुन्या घड्या मोडून नव्या जागी घड्या घालाव्यात, नाहीतर जरीची तार त्याच रेषेवर तुटते. प्रत्येक साडी धुतलेल्या सुती अभ्र्यात घातली. डांबराच्या गोळ्या आणि अत्तर दोन्ही जरीपासून दूर. परकर सुतीच घेतले. सॅटिनच्या परकरावर निऱ्या घसरतात, आणि हलत्या जमिनीवर ते परवडत नाही. चपला सपाट, मागे पट्ट्याच्या. एका बैठकीत त्याच चपला घालून दोन्ही साड्या नेसून पाहिल्या आणि उंची पक्की केली. पिनांची डबी वेगळी, आणि ती मोठ्या बॅगेत. केबिन बॅगेत टोकदार वस्तू विमानतळावर उगीच वेळ खातात.

जहाजावर सामानाच्या वजनाचा जाच नसतो. पण मुंबई ते लंडन विमान होतंच, तेव्हा माणशी एका 23 किलोच्या बॅगेचं गणित चुकवता येत नव्हतं. घरी टांगायचा काटा आणला. जड वस्तू चाकांच्या बाजूला, बुटांत मोजे, कोटाचे खांदे उलटे करून त्यात शाल. जहाजाच्या दृष्टीने सुखाची गोष्ट अशी, की तिथे एकदा बॅगा रिकाम्या केल्या की प्रवास संपेपर्यंत पुन्हा भरायच्या नाहीत. हॅंगर आणि कपाट भरपूर असतं. खोलीच्या भिंती धातूच्या असल्याने चुंबकाचे हुक त्यांना चिकटतात. मुलीने सांगितलेली ही युक्ती फार उपयोगी पडली. टोप्या, पिशव्या, रोजचं कार्यक्रमपत्रक, सगळं भिंतीवर टांगलं.

काय न्यायचं नाही हेही स्पष्ट होतं. इस्त्री, किटली, मेणबत्ती, पेटणारं किंवा तापणारं काही नको. जहाजावर आगीइतकं भय कशाचं नसतं, त्यामुळे हा नियम मला पूर्ण पटला. देव्हाऱ्यातली गणपतीची तसबीर नेली, निरांजन आणि उदबत्ती घरी ठेवली. इस्त्रीसाठी जहाजावर धुलाईच्या खोल्या आहेत, तिथे फुकट इस्त्री करता येते. जरीवर मात्र सुती कापड ठेवूनच. अमेरिकेत फळं आणि मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. मुलीसाठी घेतलेला गोडा मसाला आणि मेतकूट बंद पाकिटात ठेवून यादीत लिहिलं आणि तिथे गेल्यावर रीतसर सांगितलं.

कागदपत्रांची फाइल मी कुणाच्याही हातात दिली नाही. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि अमेरिकेचा वेगळा. अमेरिकेचा आमच्याकडे होता, ब्रिटनचा काढला. विमा घेताना समुद्रावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे विचारून घेतलं. जहाजावर डॉक्टर असतात, पण त्यांची फी आपल्या सवयीपेक्षा बरीच जास्त असते. यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, बोट लागण्यावरची गोळी आणि आलेपाकाच्या वड्या, हे सगळं हातातल्या बॅगेत.

हातातली बॅग का महत्त्वाची, ते साउथॅम्प्टनच्या धक्क्यावर कळतं. हीथ्रोहून दोनेक तासांत बस तिथे पोचवते. धक्क्यावर हमाल मोठ्या बॅगा ताब्यात घेतात. बॅगांना खोलीच्या क्रमांकाचे टॅग आधीच बांधलेले हवेत. मग त्या बॅगा थेट आपल्या खोलीच्या दाराशी येतात, पण कधीकधी संध्याकाळ होते. तोवर औषधं, पासपोर्ट, दागिने आणि पहिल्या रात्रीच्या जेवणाचे कपडे आपल्याजवळ असले पाहिजेत.

निघण्याआधी सुरक्षेची कवायत झाली. सात छोटे भोंगे आणि एक लांब, म्हणजे आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. याच बंदरातून 10 एप्रिल 1912 ला टायटॅनिक निघालं होतं. त्या अपघातानंतर 1914 साली समुद्रावरच्या जीवरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. जीवरक्षक जाकिटाचे पट्टे बांधून बघताना यांचा चेहरा गंभीर होता, आणि मलाही ती कवायत मनापासून करावीशी वाटली.

भोंगा वाजला. क्वीन मेरी २ च्या भोंग्यांपैकी एक जुन्या ‘क्वीन मेरी’ जहाजाचा आहे. तो आवाज छातीत उतरतो. हे कठड्याला धरून उभे होते आणि धक्का दूर जाताना बघत होते. आयुष्यभर त्यांनी हे दृश्य धक्क्यावरून पाहिलं होतं.

जेवणाच्या टेबलावर आमचा वाढपी गोव्याचा निघाला. गोव्याच्या किती घरांची चूल या तारवट्यांच्या, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या, पगारावर पेटते! तो कोंकणीत बोलायचा, आम्ही मराठीत, काही अडलं नाही. शाकाहारी आहोत हे आरक्षणाच्या वेळीच कळवलं होतं, त्यामुळे रोज दोन-तीन पदार्थ तरी निवडायला मिळत. काट्याचमच्यांच्या रांगेची धास्ती असेल तर एकच लक्षात ठेवावं, बाहेरच्या बाजूने सुरुवात करून आत यायचं. एखाद्या दिवशी नटायचा कंटाळा आला तर बुफे आणि पब आहेतच, तिथे साध्या कपड्यांत कोणी अडवत नाही.

काळ्या-पांढऱ्या रात्री चंद्रकळा नेसून, आईची ठुशी घालून मी नृत्याच्या मोठ्या दालनात गेले. वाद्यवृंद वाजत होता, जोडपी वॉल्ट्झ करत होती, एक स्कॉटिश गृहस्थ किल्टमध्ये होते. यांचा बंद गळ्याचा कोट आणि त्यांचा किल्ट शेजारी शेजारी उभे राहिले तेव्हा दोघांनी एकमेकांच्या कपड्यांची मनमोकळी चौकशी केली. एका वृद्ध इंग्रज बाईंनी चंद्रकळेचा काठ हातात घेऊन विचारलं, की हे किती जुनं आहे. मी आईबद्दल सांगितलं. अर्धा तास आम्ही दोघी आपापल्या आयांबद्दल बोलत बसलो.

पुढे समुद्र थोडा उसळला. आम्ही खोली मुद्दाम जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर घेतली होती. तिथे हेलकावा सर्वांत कमी. आलेपाक पुरला, गोळीची पाळी आली नाही. सातव्या मजल्यावर जहाजाभोवती फिरायची वाट आहे, तीन फेऱ्या म्हणजे सुमारे पावणेदोन किलोमीटर. तिथल्या वाऱ्यात साडी टिकत नाही. पंजाबी ड्रेस, लोकरी टोपी आणि वारा अडवणारं जाकीट हवंच, मे-जून असला तरी. न्यूफाउंडलंडच्या जवळ उबदार गल्फ स्ट्रीम आणि थंड लॅब्राडोर प्रवाह एकत्र येतात आणि धुकं दाटतं. तिथे दिवसभर भोंगा ठरावीक अंतराने वाजत राहिला. पश्चिमेकडे जाताना पाच दिवस घड्याळ तासातासाने मागे येतं, म्हणून पाच दिवस पंचवीस तासांचे मिळतात. विमानाने एडिसनला पोचल्यावर आठवडाभर उतरत नाही ती झोपेची गुंगी या वेळी नव्हतीच.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या धक्क्यावरच परत मिळतात. सकाळचे कपडे आणि बूट मात्र आत ठेवायचे. पहाटे अंधारातच जहाज व्हेराझानो-नॅरोज पुलाखालून जातं. धुराडं आणि पूल यांत काही मीटरचंच अंतर राहतं. त्यानंतर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा डाव्या बाजूला दिसू लागतो आणि जहाज ब्रुकलिनच्या धक्क्याला लागतं. जावई गाडी घेऊन आला होता, तिथून एडिसन तास-सव्वा तासावर.

तुम्ही असा प्रवास ठरवत असाल तर भाड्याच्या सुटाचे आणि एकदाच घालायच्या गाऊनचे पैसे वाचवा. ते जहाजाच्या मध्यावरच्या खोलीत आणि चांगल्या विम्यात घाला. कपाटात लग्नकार्याची वाट बघत पडलेली पैठणी, वडिलांचा किंवा सासऱ्यांचा बंद गळ्याचा कोट बाहेर काढा, शिंप्याकडून बेताचा करून घ्या आणि बरोबर न्या. त्या टेबलावर तो पूर्ण मानाचा पोशाख आहे.