काळी तीन

पेटीवर पांढरी एकचा षड्ज धरावा आणि सावकाश भैरवाचे स्वर चढत जावं. षड्जाला लागूनच कोमल रिषभ, मग गंधारावर लांब उडी, गंधाराला खेटून मध्यम. पंचमापासून पुढे पुन्हा तोच प्रवास: लागून कोमल धैवत, लांब उडीवर निषाद, खेटून तार षड्ज. पूर्वांगाची उत्तरांगात हुबेहूब नक्कल. त्याहून गंमत अशी, की स्वरांमधली अंतरं खालून वर मोजा की वरून खाली, क्रम तोच येतो. हायडनला अशी समरूपता साधायला १७७२ मध्ये ४७व्या सिम्फनीतला मिन्युएट वादकांकडून उलटा वाजवून घ्यावा लागला. भैरवाला ती अंगचीच आहे.

आता या सप्तकाची मधोमध घडी घाला. घडी पडते मध्यम आणि पंचम यांच्यामधल्या काळी तीनवर, म्हणजे तीव्र मध्यमावर. आणि भैरवात तो वर्ज्य! ज्याच्याभोवती सगळा तोल, त्या स्वराला बोटही लावायचं नाही. या रागाचं निम्मं गांभीर्य तिथूनच येतं, असं मला वाटत आलंय.

गवई मात्र तराजू घेऊन बसत नाहीत. रिषभ-धैवत दोघंही आंदोलित, पण मान धैवताला. तो वादी, रिषभ संवादी. (मध्यमावरून मींडेनं रिषभावर उतरणारा गळा ऐकला की हा मानपान विसरायला होतो, ती गोष्ट वेगळी.)

साथीच्या त्रितालाचंही तसंच. सोळा मात्रा, चार सारखे विभाग. ‘धा धिं धिं धा’ उलटं म्हटलं तरी तेच. नवव्या मात्रेला खाली दाखवत हात बाजूला जातो, पण शिकवल्या जाणाऱ्या ठेक्यात तिथंही ‘धा’च असतो. डग्ग्याचा घुमारा थांबतो दहाव्या मात्रेला आणि परततो चौदाव्याला. हाताची खाली एकीकडे, कानाची खाली एक मात्रा पुढे. एवढी सरक नसती तर त्रितालाची कवायत झाली असती.

समरूपता मोडलेली ऐकायची असेल, तर भैरवापाठोपाठ रामकली लावा. स्वर बहुतेक तेच, पण तिच्या प्रचलित रूपात पंचमाच्या आसपास तीव्र मध्यम डोकावतो, थेट घडीवर. सोबत कोमल निषादही येतो, आणि त्याला पूर्वांगात जोडीदारच नाही.