शुल्कमुक्त



‘मुक्त’ हा शब्द आपल्या विद्यापीठाच्या नावातच असल्याने तो आपल्या रोजच्या नजरेखालून जातो. अशा शब्दांकडे थांबून पाहणे सहसा होत नाही. ‘मुच्’ म्हणजे सोडणे, सुटणे. या संस्कृत धातूपासून झालेले हे भूतकालवाचक धातुसाधित आहे. सुटलेला, सोडवलेला, मोकळा झालेला हा त्याचा अर्थ. मात्र हा शब्द एकटा उभा राहिला की ऐकणाऱ्याच्या मनात एक प्रश्न उरतो : कशातून? ऋणमुक्त, चिंतामुक्त, रोगमुक्त अशा सामासिक शब्दांत त्याचे उत्तर पहिल्या पदानेच दिलेले असते. ऋणातून मुक्त, चिंतेतून मुक्त असा आपण विग्रह करतो आणि त्यास पंचमी तत्पुरुष म्हणतो. परीक्षेपुरते एवढे पुरेसे आहे. परंतु याच घडणीचे दोन शब्द, ‘शुल्कमुक्त’ आणि ‘व्यसनमुक्त’, एकदा एका जहाजावर माझ्या कुटुंबात समोरासमोर आले, आणि विग्रह पूर्ण झाला तरी अर्थ पूर्ण होत नाही, हे माझ्या ध्यानात आले. त्याविषयी आपल्याशी बोलावे असे वाटते.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे सिंगापूरहून निघणाऱ्या प्रवासी जहाजाने चार रात्रींच्या सफरीस गेलो होतो. सांगलीहून मी आणि माझे पती, साताऱ्याहून माझी थोरली बहीण आणि दाजी. पेनांग आणि फुकेत ही बंदरे पाहून जहाज पुन्हा सिंगापुरास येणार होते. जहाजावर दुकानांची एक गल्लीच होती. अत्तरे, घड्याळे, चॉकलेटे, आणि एका बाजूस मद्याच्या बाटल्यांच्या रांगा. वर मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘ड्यूटी फ्री’. जहाज बंदराला लागले की ही दुकाने बंद होत आणि किनारा मागे पडला की उघडत. दुकान तेच, माल तोच. पण बंदरात त्या मालावर त्या देशाच्या कराचा हक्क पोहोचतो आणि भर समुद्रात पोहोचत नाही. सवलत बाटलीच्या अंगची नव्हे, ती बाटली कोठे आहे याची असते, हे त्या बंद होणाऱ्या दारांनी मला पहिल्याच दिवशी शिकवले.

या कल्पनेचा इतिहास फार जुना नाही. आयर्लंडमधील शॅनन विमानतळावर १९४७मध्ये जगातील पहिले शुल्कमुक्त विमानतळ-दुकान सुरू झाले. त्यामागचा युक्तिवाद सरळ होता. प्रवासी देश सोडून निघाला आहे. घेतलेली वस्तू तो या देशात वापरणार नाही. मग या देशाने तिच्यावर कर का घ्यावा? याच तर्काने युरोपीय संघातील देशांनी १९९९मध्ये आपापसांतील प्रवासासाठी ही सवलत बंद केली. बाजारपेठ एकच झाल्यावर ‘देश सोडला’ या म्हणण्याला कराच्या दृष्टीने अर्थ उरला नाही.

करांची भाषा आपल्याकडेही मोठी मनोरंजक आहे. ‘जकात’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. मूळ अर्थ धार्मिक कर्तव्य म्हणून द्यावयाचे दान. मराठीत आला तो मालावरचा कर होऊन. इंग्रजीतील ‘टॅरिफ’ आणि आपल्या बोलण्यातील ‘तारीफ’ यांचे मूळ एकाच अरबी शब्दात आहे. त्याचा अर्थ ओळख करून देणे, जाहीर करणे. एकीकडे दरांची जाहीर यादी झाली, दुसरीकडे गुणांची. आणि ज्या वस्तूभोवती हा सारा पसारा, ती ‘दारू’! फारसीत तिचा अर्थ औषध. आपण ‘दवादारू’ म्हणतो तेव्हा तो जुना अर्थ जागा असतो. ‘दारूगोळा’ म्हणतो तेव्हा तीच दारू तोफेत जाते, आणि तासगाव तालुक्यातील कवठे एकंद येथे दसऱ्याच्या रात्री आकाशात उडते ती ‘शोभेची दारू’. औषध, स्फोटक, शोभा आणि व्यसन एवढे सारे एका शब्दात मावते. कोणता अर्थ घ्यायचा ते संदर्भावरून, म्हणजे शब्दाच्या आजूबाजूस काय आहे यावरून, ठरते.

दाजींच्या बाबतीत तो संदर्भ असा होता. ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. सातारा जिल्ह्यात माजी सैनिकांची घरे गावोगाव आहेत. अपशिंगे या गावाच्या नावाला तर ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. माजी सैनिकाला कॅन्टीनमधून दरमहा ठरावीक मद्य सवलतीच्या दरात मिळते, आणि त्याचा कोटा हुद्द्यानुसार ठरतो. दाजी स्वतः बेताने घेत. पण त्यांच्या मुलाचे, म्हणजे माझ्या भाच्याचे, पिणे बेताचे राहिले नाही. नोकरी गेली, लग्न मोडता मोडता वाचले, आणि अखेर तो स्वतःच्या पायांनी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला. आमच्या सफरीच्या वेळी त्याला परत येऊन दीड वर्ष झाले होते. त्या दीड वर्षात दाजींनी कॅन्टीनचा आपला कोटा एकदाही उचलला नव्हता. याविषयी त्यांनी कधी कोणाला काही सांगितले नाही.

सफरीच्या दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी एक-एक लिटरच्या दोन बाटल्या घेतल्या. जानेवारीत साताऱ्यात त्यांच्या जुन्या पलटणीतील सोबत्यांचा मेळावा होता, त्यासाठी. किंमत पाहून त्यांना मोह झाला असे मी म्हणणार नाही. सोबत्यांसाठी परदेशातून काही न्यावे, ही त्यामागची भावना होती. दुकानातील विक्रेता गोव्याचा होता. जहाजावर नोकरी करणाऱ्या माणसाला गोव्यात ‘तारवटी’ म्हणतात, हा सुंदर शब्द त्याच्याच तोंडून मी ऐकला. त्याने खोलीच्या कार्डावर रक्कम टाकली, पावती दिली आणि बाटल्या मात्र आपल्याकडेच ठेवून घेतल्या. त्या शेवटच्या संध्याकाळी, उतरण्यापूर्वी मिळणार होत्या.

असे का, हे मी त्याला विचारले. त्याने दोन कारणे सांगितली. एक व्यवहाराचे : प्रवाशाला बाटली खोलीत नेता आली, तर जहाजावरील मद्यगृहात चढ्या दराने पेला कोण घेईल? दुसरे कराचे : ही सवलत माल किनाऱ्यावर नेण्यासाठी आहे, जहाजावर फोडण्यासाठी नव्हे, म्हणून ती मोहोरबंदच राहिली पाहिजे. मराठीत आपण ‘घेतली’ या एका क्रियापदात विकत घेणे आणि हातात घेणे या दोन्ही क्रिया उरकतो. जहाजावर या दोन क्रियांमध्ये दोन दिवसांचे अंतर होते. बाटल्या दाजींच्या झाल्या होत्या आणि झाल्याही नव्हत्या.

ताईला त्या रात्री जेवताना हे कळले. तिने भांडण केले नाही. दाजींनी आपणहून सांगितले की बाटल्या घरी कपाटात राहतील, कपाटाला कुलूप असेल आणि मेळाव्याच्या दिवशी थेट बाहेर जातील. ती एवढेच म्हणाली, “अहो, कुलूप लावाल हो. पण कुलूप दिसतंच की.” पुढचे दोन दिवस हा विषय कोणी काढला नाही. फुकेतला आम्ही समुद्र पाहिला, छायाचित्रे काढली, आणि प्रत्येकाच्या मनात ते न लावलेले कुलूप होते.

त्या मधल्या काळात मी सवलतीचे नियम वाचून काढले. भाषेच्या अभ्यासकाला नियमांची भाषा सोडवत नाही. सिंगापुरात उतरताना शुल्कमुक्त मद्य नेण्यासाठी प्रवासी अठरा वर्षांवरील हवा, किमान ४८ तास देशाबाहेर राहिलेला हवा, आणि मलेशियातून येणारा नसावा. म्हणजे जहाजाचे शेवटचे बंदर मलेशियात असते, तर त्याच बाटलीवर कर भरावा लागला असता. पुढे विमानात ती हातातील पिशवीतून नेता येत नाही. तेथे द्रवपदार्थाला १०० मिलिलिटरची मर्यादा. विमानतळावरील दुकानातून मोहोरबंद पिशवीत घेतलेल्या मालाला यातून सूट असते, पण जहाजावरची बाटली सामानातच टाकावी लागते. भारतात उतरताना प्रौढ प्रवाशास दोन लिटरपर्यंत सवलत आहे. तेथून सुटलेली बाटली महाराष्ट्राच्या कायद्यातून सुटत नाहीच. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने लागू आहे आणि मद्य पिण्या-बाळगण्यास परवाना लागतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हाही पिण्याचे मद्य त्याबाहेर राहिले. त्यावरील कर राज्यांकडेच आहे. याप्रमाणे ‘शुल्कमुक्त’ या एका शब्दामागे चार-पाच दारे उभी असतात. एका दाराशी मिळालेली मुक्ती पुढच्या दाराशी चालत नाही. तेथे ती नव्याने मागावी लागते. आणि या सर्वांच्या पलीकडे साताऱ्यातील त्या घराचे दार होते. त्याबद्दल कोणत्याही नियमावलीत काही लिहिलेले नव्हते.

शेवटच्या संध्याकाळी दुकानापुढे रांग लागली. लोक पावत्या दाखवून खोकी घेत होते. मी दाजींच्या सोबत होते. त्यांचा क्रम आला तेव्हा ते बाजूस झाले आणि मागच्या दोघा-तिघांना त्यांनी पुढे जाऊ दिले. मग त्या गोव्याच्या तरुणाला त्यांनी विचारले, “नाही घेतल्या तर?” तो म्हणाला, “माझ्या हातांत आहेत तोवर खरेदी रद्द करता येईल. एकदा तुमच्या हातांत दिल्या, की मग नाही.” दाजींनी पावती पुढे केली. रक्कम खात्यातून वजा झाल्याचा कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. परतताना मला म्हणाले, “सामान जड झालं असतं.” ताईलाही त्यांनी याहून अधिक काही सांगितले नाही, आणि तिनेही विचारले नाही.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी भाच्याची परवानगी घेतली. त्याने मसुदा वाचला. वडिलांनी बाटल्या परत केल्या हे त्याला तेव्हाच प्रथम कळले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने एक दुरुस्ती सुचवली. मसुद्यात ‘तो व्यसनमुक्त झाला’ असे वाक्य होते. तो म्हणाला, “मावशी, झालो असं लिहू नकोस. होतोय असं लिही.”

ही दुरुस्ती मी केली, आणि व्याकरणाच्या दृष्टीनेही मला ती महत्त्वाची वाटते. ‘मुक्त’ हे रूप क्रिया संपल्याचे सांगते. सुटका झाली, विषय मिटला. भाच्याच्या अनुभवात मात्र ती क्रिया रोज सकाळी नव्याने सुरू होते. शब्दाचे रूप पूर्णत्वाचे आणि जगणे अपूर्ण, चालू वर्तमानकाळातले. या दोहोंतील अंतर कोशात सापडत नाही. ते वापरणाऱ्याला ठाऊक असते.

आता आपल्या विद्यापीठाकडे पाहा. ते १९८९मध्ये स्थापन झाले आणि यशवंतराव चव्हाणांचे नाव त्याला देण्यात आले. यशवंतरावांचा जन्म १९१३ साली देवराष्ट्रे येथे झाला. ते गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला, १९६०मध्ये त्याचे नाव सांगली ठरले, आणि आज देवराष्ट्रे सांगली जिल्ह्यात आहे. गाव जागचे हलले नाही; सीमा त्याच्यावरून सरकली. सीमा माणसांनी आखलेल्या असतात आणि सवलतीही. ज्यांचे औपचारिक शिक्षण अर्धवट राहिले त्यांच्यासाठी पूर्वतयारीचा मार्ग ठेवून या विद्यापीठाने प्रवेशाची एक सीमा सरकवली. येथील ‘मुक्त’चा अर्थ तेवढाच आणि तितकाच मोलाचा आहे. दिवसभराच्या नोकरीनंतर, मुलांना निजवून, रात्री अकराला ही पुस्तिका उघडणे, हे शुल्क मात्र कोणी माफ केलेले नाही. ते आपण दररोज भरत आहात, याची मला जाणीव आहे.

या घटकाच्या निमित्ताने एक काम सुचवते. आपल्या गावाच्या वेशीवर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, बँकेत, दवाखान्यात ‘मुक्त’ असलेले किती शब्द दिसतात ते टिपून आणा. २००७मध्ये सुरू झालेल्या मोहिमेमुळे ‘तंटामुक्त गाव’ ही पाटी अनेक ठिकाणी असेल. हागणदारीमुक्त, टँकरमुक्त, कर्जमुक्ती हेही भेटतील. प्रत्येकाचा विग्रह करा. मग त्यापुढे तीन प्रश्न लिहा : कोणासाठी, कोठपर्यंत, आणि ही मुक्ती टिकवण्याचे काम रोज कोण करते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा शासननिर्णयात मिळतील. तिसऱ्यासाठी मात्र कोणाच्या तरी घरी जाऊन, बसून, ऐकावे लागेल.