दारी आलेला सुतार



सुतारपक्षी तुम्ही पाहिला असेल. सोनेरी पाठ, डोक्यावर लाल तुरा, आणि आंब्याच्या नाहीतर नारळाच्या खोडाला उभा चिकटून वर वर सरकत जाण्याची ती ऐट. आपल्याकडच्या या पक्ष्याला सोनपाठी सुतार म्हणतात. तो आपल्या घराच्या वाटेला फारसा जात नाही, कारण आपली भिंत दगडाची, विटांची, नाहीतर मातीची. त्यामुळे सुतारपक्ष्यापासून घर कसे वाचवावे हा प्रश्न तुम्हाआम्हाला पडत नाही. अमेरिकेत तो पुष्कळांना पडतो. मलाही यंदा पडला.

माझा मुलगा पेनसिल्व्हेनियात राहतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत मी त्याच्याकडे होतो. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीत असायचेच, म्हणून परतीचे तिकीट आधीच काढून ठेवले होते. तिकडची बहुतेक घरे लाकडाची. आत लाकडी सांगाडा, त्याच्या पोकळीत थंडी अडवायला कापसासारखे भरण, आणि बाहेरून फळ्या. मुलाच्या घराला सीडर लाकडाच्या तपकिरी फळ्या आहेत आणि मागे ओक-मॅपलचे रान. सुतारपक्ष्याच्या जागी उभे राहून पाहा, म्हणजे हे घर आतून पोकळ झालेल्या एका मोठ्या वठलेल्या झाडासारखे दिसेल. भिंत फोडली म्हणून आपण त्याला चोर म्हणतो, पण त्याच्या लेखी ती भिंतच नव्हे.

मी पोचलो तेव्हा घराला तीन ठिकाणी जखमा होत्या. शेजारचे गृहस्थ मोठे प्रेमळ. त्यांनी छर्ऱ्यांची बंदूक देऊ केली. मुलाने हात जोडले. माझ्या गळ्यातली माळ त्याला दिसत होतीच, शिवाय तिकडे १९१८ सालचा कायदा आहे, त्यानुसार परवान्याशिवाय या पक्ष्याला मारता येत नाही. दुसऱ्या कोणी फळ्यांना चिकट लेप लावायला सांगितले. त्यात पक्ष्याची पिसे चिकटतात आणि तो हळूहळू मरतो. बंदुकीपेक्षा हे वाईट, असे माझे मत.

मारायचे नाही हे ठरवायला क्षण पुरतो. पुढचे काम मात्र लांबते. पक्षी लाकूड का फोडतो हे आधी कळावे लागते, आणि त्यासाठी माझ्यासारख्या रिकाम्या म्हाताऱ्याइतका योग्य माणूस कोण?

घराच्या कोपऱ्यावर बारीक बारीक खळगे होते, भोक एकही नाही. सकाळी नित्यनेम आटोपून मी चहा घेऊन बसलो की तिथे ठोका सुरू व्हायचा. एका सेकंदात पंधरा-वीस थापा, मग थांबणे, मग पुन्हा. हा पक्षी गोड गळ्याचा नाही. जोडीदाराला बोलवायचे किंवा 'हा मुलूख माझा' असे सांगायचे तर लाकूड वाजवूनच. म्हणून तो चांगला घुमणारी जागा शोधतो, कधी पत्र्याची पन्हळसुद्धा वाजवतो. पखवाज्याने पुडी ठोकून पाहावी तशी तो भिंत ठोकून पाहतो. वीण सुरू झाली की हे आपोआप थांबते. मे महिना लागला आणि थांबलेही. सूनबाईंना तेवढे दिवस पहाटेची झोप मिळाली नाही, हे मात्र खरे.

दुसरी जखम छपराच्या कडेच्या पट्टीला होती. चोचीने लाकूड लांबट उकरून काढलेले, आणि शेजारी करंगळी जाईल एवढे एक अगदी गोल, नीटनेटके भोक. हे भोक पक्ष्याचे नव्हे, भुंग्याचे. लाकडात बोगदा करून तो अंडी घालतो, आणि आतल्या अळ्यांसाठी सुतारपक्षी वरून पट्टी फोडतो. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या मोहासाठी माउलींनी दिलेला दृष्टान्त तुम्हाला आठवला असेल : कसलेही वाळके लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. इथे त्याच भुंग्याच्या मागे सुतार लागला होता. म्हणजे पक्ष्याला हाकलून काही होणार नव्हते. भुंगा राहिला तर दुसरा पक्षी येणार. भुंग्याला उघडे, उन्हापावसाने जुने झालेले लाकूड आवडते, रंगवलेल्या लाकडाकडे तो सहसा जात नाही. हिवाळाभर भुंगे बोगद्यात झोपलेले असतात, तेव्हा भोके बुजवली असती तर ते आत कोंडून मेले असते. एप्रिलअखेर ते बाहेर फिरू लागल्यावर ती पट्टी काढली आणि सर्व बाजूंनी रंगवलेली नवी बसवली.

तिसरी जखम मोठी. वरच्या मजल्याच्या भिंतीत मूठ जाईल एवढे गोल भोक, आणि खाली बर्फावर पांढऱ्या भरणाचे पुंजके. थंडीत झोपायला कोणीतरी शरद ऋतूत हे घर केले होते. गार वारा थेट भिंतीत शिरत होता. मुलाने मिस्त्रीला शनिवारी बोलावले. मी म्हटले, आधी आत कोण आहे ते पाहू. तीन संध्याकाळी मी जाड कोट घालून मागच्या अंगणात हरिपाठ म्हणत उभा राहिलो. तिन्ही दिवशी दिवेलागणीला एक पक्षी आला आणि आत शिरला. फ्लिकर नावाचा हा सुतार, अंगावर काळे ठिपके, मानेवर लाल डाग, आणि उडताना पंखांखाली पिवळे.

नामदेवरायांची आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्याची गोष्ट आपण कीर्तनात ऐकतो तेव्हा डोळे भरून येतात. पण तिथे एक भाकरी होती. इथे भिंत होती, आणि त्या भिंतीवर तीस वर्षांचे कर्ज. मुलगा चिडून म्हणाला, "बाबा, तुपाची वाटी घेऊन मागे धावायला माझ्याकडे दुसरे घर नाही." त्याचे चुकत नव्हते. शेवटी आम्ही बर्फ ओसरेपर्यंत थांबलो. आणखी थांबलो असतो तर आत अंडी झाली असती, आणि मग पिल्ले उडेपर्यंत भोकाला हातही लावता आला नसता. मार्चअखेर भर दुपारी, पक्षी बाहेर गेल्याची खात्री करून, मिस्त्रीने फळी बदलली.

त्या संध्याकाळी तो नेहमीच्या वेळी आला. नव्या फळीला बिलगला, खाली सरकला, पुन्हा वर आला, दोनदा टकटक केली. मग थोडा वेळ नुसता धरून बसला. अंधार पडल्यावर रानाकडे उडून गेला. माझा अभंग मध्येच थांबला होता.

दुसऱ्या दिवसापासून तो तिथेच चोच मारू लागला. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेने अशा घरांवर बरेच उपाय लावून पाहिले आहेत : प्लास्टिकचे घुबड, ससाण्याचे आवाज, राहायला पेटी, खायला चरबी. त्यांत सातत्याने गुण आला तो वाऱ्यावर हलणाऱ्या चकचकीत पट्ट्यांनी, आणि तोही निम्म्या घरीच पुरता. आम्ही छपरापासून पट्ट्या सोडल्या. नातू म्हणाला, "आजोबा, दिंडी!" आठवड्याभरात पक्षी भिंतीवर यायचा थांबला. झाडावर पेटीही टांगली होती, तिच्यात खार राहायला आली.

अंगणाच्या टोकाला वठलेला मॅपल आहे. घराला शोभत नाही म्हणून तो तोडायचे ठरले होते. आता घराकडे झुकलेल्या फांद्या तेवढ्या उतरवल्या आणि खोड उभे ठेवले. मी निघालो त्या आठवड्यात त्याच्या बुंध्याशी ताजा भुसा पडलेला होता आणि वर एक भोक नुकते सुरू झाले होते. ते कोणाचे, हे कळायच्या आत माझे विमान सुटले. अष्टमीला मी आळंदीत होतो.