तेरा महिन्यांचा देश

इथिओपियाला एकदा जाऊन आलेला प्रवासी पुन्हा तिकडे निघतो, तेव्हा नकाशापेक्षा पंचांगाची उजळणी त्याच्या अधिक कामी येते. कारण या देशाचे वेगळेपण जितके त्याच्या डोंगरांत आहे, त्याहून काकणभर अधिक त्याच्या कालगणनेत आहे. तेथील वर्षात तीस-तीस दिवसांचे बारा महिने असतात आणि उरलेल्या पाच किंवा सहा दिवसांचा ‘पगुमे’ नावाचा तेरावा महिना असतो. नववर्ष साधारणतः ११ सप्टेंबरला, पाऊस ओसरून माळरानावर पिवळी फुले उमलतात तेव्हा, सुरू होते. आणि ख्रिस्तजन्माचा काळ तेथील चर्चने निराळ्या गणिताने धरल्यामुळे सन उर्वरित जगाच्या सात-आठ वर्षे मागे असतो. म्हणूनच या देशाने दोन हजारावे वर्ष साजरे केले ते २००७च्या सप्टेंबरात. तासही दिवस उजाडल्यापासून मोजले जात असल्याने सकाळी सात वाजता तेथे एक वाजलेला असतो. विषुववृत्ताजवळच्या या प्रदेशात सूर्योदयाची वेळ वर्षभर फारशी हलत नसल्याने ही पद्धत सोयीची आहे, आणि सूर्योदयापासून वार धरणाऱ्या मराठी घरांना तर तिच्यात विक्षिप्त असे काही वाटू नये.

या देशाची खरी वृत्ती मात्र कॉफीच्या, म्हणजे ‘बुन्ना’च्या, बैठकीत कळते. अरेबिका कॉफीचे मूळ येथील जंगलांत आहे, आणि ती पिण्याला येथे विधीचे रूप आले आहे. जमिनीवर ताजे गवत पसरले जाते, निखाऱ्यावर धूप जळत असतो, यजमानीण हिरव्या बिया धुऊन तव्यावर भाजते, धुराचा वास घेता यावा म्हणून तो तवा पाहुण्यांसमोर फिरवते, मग बिया खलबत्त्यात कुटून ‘जेबेना’ या लांब मानेच्या काळ्या मातीच्या सुरईत उकळते आणि बिनकानाच्या लहान पेल्यांत उंचावरून धार धरते. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरी आणि तिसरी फेरी होते. तिन्ही फेऱ्यांची नावे अनुक्रमे अबोल, तोना आणि बरका अशी असून बरका, म्हणजे आशीर्वाद, घेण्याआधी उठणे शिष्टाचाराला धरून नाही. घाईच्या माणसाने हे निमंत्रण स्वीकारूच नये. जेवणातली ‘इंजेरा’ मात्र मराठी जिभेला परकी वाटत नाही, कारण टेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ आंबवून केलेला तो जाळीदार पदार्थ आंबोळीच्या जवळचा आहे.

उत्तरेकडील लालिबेला येथे अकरा चर्च अखंड खडकात कोरलेली असून बाराव्या-तेराव्या शतकांतील त्याच नावाच्या राजाशी त्यांचे नाते जोडले जाते. त्यांपैकी क्रुसाच्या आकाराचे बेते गियोर्गिस हे चर्च जमिनीत खोल उतरले आहे आणि वेरूळच्या कैलासाप्रमाणे कळसापासून पायाकडे कोरत नेलेले आहे. या दोन ठिकाणच्या कारागिरांचा काही संबंध होता असे मानण्यास आधार नाही; फरक असा की, कैलास आज पाहण्याची वस्तू झाला आहे, तर लालिबेलात पांढरी वस्त्रे पांघरलेले भाविक अजूनही भिंतींना कपाळ टेकवतात. २०२० ते २०२२ या काळातील तिग्राई युद्धाची झळ या गावालाही बसली, आणि प्रेमापोटी तेवढा भाग वगळणे हा त्या देशावरचा अन्यायच ठरेल.

१८९६ साली आडवा येथे सम्राट दुसऱ्या मेनेलिकच्या सैन्याने इटलीचा पराभव केला, आणि १९३६ ते १९४१ हा इटालियन अंमलाचा अल्पकाळ सोडला तर हा देश स्वतंत्रच राहिला. त्याच्या इतिहासाचा एक धागा थेट दख्खनपर्यंत येतो. गुलाम म्हणून विकला गेलेला इथिओपियाचा एक मुलगा पुढे मलिक अंबर या नावाने अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला, मोगलांना त्याने वर्षानुवर्षे झुंजवले आणि खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे शहर वसवले. १६२६ साली मरण पावलेल्या या हबशी सेनानीची कबर खुलदाबादला, कैलास लेण्यापासून अवघ्या काही किलोमीटरवर आहे.